दिसलं-पाहिलं मास्टर

ज्या एका कागदापायी जालन्यातला एक म्हातारा मास्तर साडेचार महिने कोठडीत बसला, तो कागद माझा होता.

हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. बायकोला माहीत नाही. आई होती तोवर तिलाही सांगितलं नाही. दरवर्षी झेंडावंदनाला मला पहिल्या रांगेत बसवतात, ‘लढ्यातले कार्यकर्ते’ म्हणून गळ्यात हार पडतो, आणि मी तो लगेच काढून मांडीवर ठेवतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला? मानेला टोचतो तो हार.

मास्तरांचं नाव मी लिहिणार नाही. एकदा त्यांना न विचारता त्यांच्या घराचा आडोसा घेतला होता. आता न विचारता नाव घ्यायला हात धजत नाही. गाव त्यांना तोंडावर मास्टरसाब म्हणायचं आणि पाठीमागे ‘दिसलं-पाहिलं मास्टर’. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यावर त्यांची तक्रार एवढीच, की त्यात दोनच शब्द घेतलेत.

घराणं मारवाडातलं, पण चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. भावांची नवीन जालन्यात, टेशनाच्या बाजूला, कापसाची आडत होती. हे एकटे हैदराबादेत इंग्रजी शिकून आले आणि सरकारी मदरशात मास्तर झाले. मदरसा म्हणजे आमची शाळाच. निजामाच्या राज्यात इंग्रजी सोडून बाकीचे विषय उर्दूतून चालायचे. अंगात राखी शेरवानी, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, आणि डोक्याला घरची केशरी पगडी. त्यामुळं नवा टांगेवाला हमखास विचारायचा, “शेटजी, दुकानी जायचं का कचेरीला?”

लग्न केलेलं नव्हतं. गावातच, मस्तगडात, एका माडीच्या घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण, दोघंच राहत. तिला सगळे जीजी म्हणत. जीजींनीच मला सांगितलं होतं, की तरुणपणी एकदा त्यांना मुलगी पाहायला नेलं होतं. तासभर बसले, खाल्लं, पाणी प्याले आणि मान वर न करता घरी आले. भावांनी विचारलं, “कशी वाटली?” तर म्हणाले, “तिथं पाहायला न्हाई, तपासायला बोलावलं होतं. ते माझं काम न्हाई.”

पाहणं हे त्यांचं काम होतं. म्हणजे शब्दशः. इंग्रजीतला ‘सी’ हा एवढासा शब्द आणि त्याचे भाऊबंद, यांच्यात त्या माणसानं बावीस वर्षं घातली होती.

मी त्या शाळेत धाकटा मास्तर म्हणून लागलो तेव्हा तेवीसचा होतो. भोकरदनकडच्या कुणब्याचा पोरगा, इंग्रजी कसंबसं. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या वर्गाच्या दाराशी थांबले. मी फळ्यावर ‘मी तुझी वाट पाहत आहे’ याचं इंग्रजी केलं होतं आणि त्यात सीइंग घातलं होतं. त्यांनी मुलांसमोर काही म्हटलं नाही. सुट्टीत मला बाजूला घेतलं.

“छोटे मास्तर, वाट तुम्ही डोळ्यांनी पाहता का?”

“न्हाई.”

“मंग सी कशाला? इंग्रज वाट पाहतच न्हाई. तो थांबतो. तो स्वप्नसुद्धा पाहत न्हाई, त्याला ते पडतं. पण गंमत बघा, त्याला एखादी गोष्ट समजली, की तो म्हणतो ‘आय सी’. दिसलं म्हणतो! आपल्याकडं आंधळ्यालाही समजतं.” मग म्हणाले, “तिसऱ्या प्रहरी घरी येत जा. मला लिहायला हात पाहिजे, तुम्हाला इंग्रजी पाहिजे.”

असा मी त्यांच्या माडीवर जायला लागलो, आणि वर्षभर जवळजवळ रोज जात राहिलो.

त्या माडीवर पुस्तकं थोडी होती. तारा पुष्कळ होत्या. आडतीच्या दुकानात चिठ्ठ्या ओवायला आकड्याची तार टांगलेली असते. दिवसभराच्या चिठ्ठ्या एकीवर एक त्यात टोचत जायच्या. भावांच्या दुकानातली तीच पद्धत यांनी उचलली होती. छताच्या कडीपाटाला ओळीनं तारा लोंबत. एकेक तार एकेका शब्दाची. सी म्हणजे दिसणं. लूक म्हणजे नजर टाकणं. वॉच म्हणजे नजर ठेवणं. नोटिस म्हणजे लक्षात येणं. ग्लान्स म्हणजे ओझरतं बघणं, स्टेअर म्हणजे टक लावणं. शेवटून दुसरी तार विटनेसची.

इंग्रजीचं एखादं वाक्य सापडलं, की ते पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर उतरायचं, खाली मराठी करायचं, आणि कोपऱ्यात तिथी आणि वाक्य कुठून मिळालं ते मुडिया लिपीत. मुडिया म्हणजे मारवाडी दुकानांतली, काना-मात्रा नसलेली लिपी. ती ज्यानं लिहिली त्यालाच धड वाचता येते. वाक्यं मिळायची कुठून? रद्दीतून. साखरेच्या पुडीच्या कागदातून, मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांतून, टेशनावरच्या पाट्यांवरून, औषधाच्या बाटलीवरून. गावातले सगळे किराणेवाले त्यांना ओळखत. “मास्टरसाब, आज हिंगाच्या पुडीत तुमचं काही दिसतंय का बघा,” असं कुणी म्हणालं, की हे तिथंच उभं राहून पुडी वाचत, आणि परत देताना म्हणत, “दिसलं न्हाई. मी नीट पाहिलं.”

जीजी खालून ओरडायच्या, “अरे, तो कागद सोड! त्यात माझी हळद आहे!”

एकदा कोर्टानं त्यांना साक्षीला बोलावलं. मोतीतलावाच्या वाटेवर दोन टांगे आदळून एक उलटला होता, आणि हे नेमके तिथून चालले होते. मुन्सिफानं विचारलं, “तुम्ही टांगा उलटताना पाहिला?”

“न्हाई, हुजूर. मी एक चिठ्ठी वाचून राह्यलो होतो. आवाज ऐकला, मान वर केली, तर उलटलेला टांगा दिसला.”

“म्हणजे पाहिलाच ना?”

“न्हाई. दिसला. उलटताना पाहणारा माणूस येगळा असतो. मी तो न्हाई.”

मुन्सिफानं चारदा विचारलं, यांनी चारदा तेच सांगितलं. खटला फसला. दुसऱ्या दिवशी टांगेवाला शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाला, “मास्टरसाब, तुमच्यापरीस आंधळा गवाह बरा. त्यानं निदान मान तरी हलवली असती!”

मास्टरसाब त्या संध्याकाळी हसले नाहीत. मला एक चिठ्ठी लिहायला सांगितली, विटनेसच्या तारेसाठी. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं: विटनेस म्हणजे नुसता पाहणारा न्हाई. पाहिलेलं ज्याच्या अंगावर येतं आणि जो ते झटकत न्हाई, तो विटनेस. अक्षर माझं. ती चिठ्ठी पुढं मला परत भेटली.

सगळ्यात शेवटची तार मात्र रिकामी होती. मी येण्याआधीपासून रिकामी. एकदा विचारलं, ही कशाची?

“पाहूनही न पाहिल्यासारखं करणं,” ते म्हणाले. “आपल्याकडं काणाडोळा म्हणतात. इंग्रजाकडं ओव्हरलुक आहे, पण त्यात अर्धी चूक आहे, निसटून जाणं आहे. इग्नोर आहे, त्यात गुर्मी आहे. मला मायेनं केलेला काणाडोळा पाहिजे. आई करते तो. त्याचं वाक्य मला अजून घावलं न्हाई.”

“मंग?”

“मंग काही न्हाई. तार टांगून ठेवायची.”

जीजींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक गाठोडं लटकत असे. अकरा वर्षांपूर्वी एक शेजारीण ‘आठ दिवसांत येते’ म्हणून ते ठेवून गेली होती, ती परत आलीच नव्हती. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता, आतलं लुगडं दिसत होतं. मी म्हणालो, “जीजी, सोडून बघा तरी, काय आहे त्यात.” तर त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, की मीच वरमलो. “भैया, ठेव आहे ती. आमच्या घरात ज्यानं ठेवली त्यानंच उचलायची. आपण हात लावायचा न्हाई, विचारायचं पण न्हाई.” मास्टरसाब जेवत होते. त्यांनी मान डोलावली. त्या घरात ही गोष्ट धर्मासारखी होती.

आता ते साल. निजामाच्या राज्याचं शेवटचं. गावात रोज काहीतरी कानावर यायचं, रोज कुणीतरी घर सोडायचं. माझा एक बालमित्र कापसाच्या गाड्या हाकायचा. सरहद्दीपलीकडं त्याचं जाणं-येणं होतं. तिकडून तो छापील पत्रकं आणायचा, निजामाविरुद्धची, आणि ओळखीच्या चार-दोघांना वाटायला द्यायचा. मलाही दिली. “शिकलेला माणूस तू. तूच भिला तर आम्ही काय करावं?” असं म्हणाला. मला भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं. एवढंच होतं माझं देशप्रेम. अकरा पत्रकं होती. दहा मी दारांच्या फटींतून सरकवली. अकरावं टोपीत राहिलं.

ते टोपीत असतानाच एका दुपारी मी माडीवर बसलो होतो. खालून गलका आला. गल्लीच्या तोंडाशी पोलीस आले होते, घरोघर झडती घेत होते. मास्टरसाब ताक आणायला खाली गेले होते. खिडकी, कोनाडा, गादी, सगळीकडं नजर फिरली आणि तारांवर येऊन थांबली. वॉचची तार सगळ्यात भरलेली होती. मी तिच्यावरच्या मूठभर चिठ्ठ्या उतरवल्या, पत्रकाची घडी करून आकड्यात टोचली आणि चिठ्ठ्या परत वर चढवल्या.

वळलो तर मास्टरसाब दारात उभे. हातात ताकाचा लोटा. नजर लोट्यात.

“ताक घ्या,” ते म्हणाले. “ऊन फार आहे.”

मी ताक प्यालो. पोलीस त्या दिवशी दोन घरं अलीकडूनच, शिंप्याच्या दारातून परत फिरले. मी घरी गेलो. वाटेत मनाची समजूत घातली, की त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन ते पत्रक काढून आणायचं, चुलीत घालायचं. पाच मिनिटांचं काम. मी गेलो नाही. त्या गल्लीत पाय टाकायची छाती झाली नाही. शाळेत त्यांना सांगितलं, आईला बरं नाही, यायला जमणार न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विचारलं, “आज येता का?” म्हणालो, “आई अजून तशीच आहे.” आई घरी जात्यावर बसली होती, ठणठणीत.

चौथ्या दिवशी पोलीस मस्तगडात परत आले आणि माडीवर चढले.

अमीन, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, नवा होता, हैदराबादेकडचा. त्यानं बावीस वर्षांच्या तारा पाहिल्या, कोपऱ्यातली मुडिया पाहिली आणि त्याला ती गुप्त लिपी वाटली. एका दुकानातला मुनीम धरून आणला. दुसऱ्याच्या हातची मुडिया, त्यात मुनीम घाबरलेला. जेवढं लागलं तेवढं वाचत गेला: “टेशन... दिसला. पूल... नजर ठेवली. कचेरीपाशी... पाहत होता.” वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला, असं जीजी सांगत. आणि मग वॉचच्या तारेतून ते पत्रक निघालं.

दुपारी मास्टरसाबांना शाळेतच आणलं, सदरसाहेबांच्या खोलीत. सदरसाहेब म्हणजे आमचे हेडमास्तर. वयस्कर, दमेकरी, भला माणूस. पंधरा वर्षांचा त्यांचा मास्टरसाबांशी शेजार होता. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता. सगळ्यात वर विटनेसची चिठ्ठी. माझ्या अक्षरातली.

“अमीनसाहब, ये आदमी सनकी है, बाग़ी नहीं,” सदरसाहेब सांगत होते. “रद्दी जमा करता है. रद्दी में पर्चा भी आ जाता है.”

“तो कोई एक मुदर्रिस, कोई मास्टर, लिख दे,” अमीन म्हणाला. वाईट माणूस नव्हता तोही. उन्हातून आल्यानं वैतागला होता. “लिख दे कि उसने ये काम होते देखा है, ये पढ़ाने के काग़ज़ हैं. एक गवाह काफ़ी है. मैं भी घर जाऊँ.” मग तो मास्टरसाबांकडं वळला. “आप बताइए. ये पर्चा यहाँ किसने लगाया? आपने देखा?”

टांग्याच्या साक्षीत चारदा विचारलं तरी एका शब्दासाठी न हललेला तो माणूस. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणतील, पाहिलं न्हाई, पण दिसलं.

“नहीं देखा,” ते म्हणाले. सरळ, स्वच्छ आवाजात. पुढं काही जोडलं नाही.

मग सदरसाहेबांनी मला पुढं बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत आशा होती. “आप तो रोज़ जाते थे इनके यहाँ. बताइए, बेटा. आपने ये चिट्ठियाँ देखी हैं ना?”

एक ‘हो’. त्यापलीकडं मला काही सांगायचं नव्हतं. पत्रकाचं कुणी मला विचारतही नव्हतं. पण मला वाटलं, एकदा हो म्हणालो की पुढचा प्रश्न येईल, आणि त्याच्या पुढचा.

“न्हाई, साहेब,” मी म्हणालो. “मी कधी पाह्यल्या न्हाईत. मी खाली जीजींना पत्र वाचून दाखवायला जायचो. माडीवर कधी गेल्तोच न्हाई.”

कुणी विचारलं नसताना ते शेवटचं वाक्य मी घातलं. मास्टरसाब खिडकीबाहेरच्या लिंबाकडं पाहत होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. सदरसाहेबांनी टेबलावरच्या त्या वरच्या चिठ्ठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझं अक्षर ते रोज हजेरीपटावर बघत. त्यांनी एका बोटानं ती चिठ्ठी हळूच पालथी घातली.

त्या खोलीत त्या दिवशी तिघं खोटं वागलो. दोघं माझ्यासाठी, आणि मीही माझ्यासाठीच.

साडेचार महिन्यांनी मास्टरसाब सुटले. नोकरी गेलेली होती. भावांना दुकानाची भीती. त्यांनी मास्टरसाबांना पिंपळगाव रेणुकाईला, कुळाकडं दिलेल्या जमिनीवरच्या एका खोलीत, राहायला पाठवलं. मी एकदा गेलो. भोकरदनहून चालत. रेणुकेच्या देवळाबाहेर पारावर बसले होते. पगडी नव्हती. पायांवर सूज होती. हातात कागद नव्हता, ते मला सगळ्यात जास्त चमत्कारिक वाटलं.

“या, छोटे मास्तर. चालत आले?”

“हो.”

“शाळा बराबर चालू आहे ना? माझा वर्ग कुणाकडं दिला?”

“माझ्याकडं.”

“बरं झालं.” आणि खरंच बरं झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “वाट पाहण्याचं चुकवू नका.”

काय सांगायचं ते मी वाटभर पाठ करत आलो होतो. म्हणालो, “मास्टरसाब, त्या दिवशी ती वॉचची तार...”

“ती भरली होती,” ते मधेच म्हणाले. “त्या शब्दाचं पुरे झालं.” मग त्यांनी विचारलं, “आईची तब्येत कशी आहे आता?”

“बरी आहे.”

“तेव्हा बरी नव्हती.”

तो प्रश्न नव्हता, आणि टोमणाही नव्हता. त्यांनी दार अर्धं उघडून धरलं होतं. आत यायचं का नाही ते माझ्यावर होतं. मी म्हणालो, “हो, तेव्हा बरी नव्हती.” त्यांनी मान हलवली. कुणाची तरी बैलगाडी भोकरदनकडं निघाली होती, गाडीवान हाका मारत होता. मी उठलो. गाडीत बसल्यावर मला काय वाटलं ते लिहितो, कारण त्यासाठीच लिहायला बसलोय: मला सुटल्यासारखं वाटलं.

ते त्याच पावसाळ्यात तिथंच वारले. निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी.

राज्य गेल्यावर याद्या झाल्या, कुणी काय केलं त्यांच्या. माझ्या गाडीवाल्या मित्रानं भर सभेत माझं नाव घेतलं. “ह्यानं अकरा पत्रकं वाटली, मी सोता दिलेली!” टाळ्या पडल्या. दहा, असं मी म्हणालो नाही.

पुढं काही महिन्यांनी कचेरीनं जप्तीचं सामान परत केलं. जीजींनी मला बोलावणं पाठवलं. स्वयंपाकघरात एक पोतं ठेवलेलं होतं. वर खुंटीला ते जुनं गाठोडं तसंच.

“भैया, हे तुम्ही न्या. हे वाचता येणारे आता तुम्हीच. मला काय, मी ह्यात हळद बांधीन.” हसल्या, मग पदर तोंडाला लावला. मी पोतं उचलायला वाकलो तेव्हा म्हणाल्या, “एक विचारायचं राह्यलं होतं. ते धरून न्यायच्या आधी तीन दिवस सारखे विचारून राह्यले होते, छोटे मास्तर आले का, छोटे मास्तर आले का. मी म्हणलं, कशाला एवढं? तर म्हणाले, त्यांचं काहीतरी इथं राह्यलंय, ठेव आहे, त्यांनीच येऊन न्यायला पाहिजे. तुमचं काय राह्यलं होतं, भैया?”

मी वाकलेलाच होतो. म्हणजे त्यांना दिसलं होतं. ते काढून फेकणं त्यांच्या हातात होतं. पण दुसऱ्याच्या ठेवीला त्या घरात कुणी हात लावत नव्हतं. ते तीन दिवस माझी वाट पाहत बसले होते, आणि मी आईला आजारी पाडून घरी बसलो होतो.

“काही न्हाई, जीजी,” मी म्हणालो. “एक पुस्तक होतं.”

पोतं घरी आणून सोडलं. तारा एकमेकींत गुंतल्या होत्या, चिठ्ठ्या फाटल्या होत्या. त्यात एक तार वेगळी होती. तिच्यावर एकच चिठ्ठी. मी नेहमी रिकामी पाहिलेली ती तार. चिठ्ठी मास्टरसाबांच्या हातची. वर इंग्रजी, खाली मराठी: ‘तो मला दिसला, आणि मी ताकाकडं पाहत राहिलो.’ कोपऱ्यात मुडिया. वर्षभरात मला त्यांच्या हातची तेवढी वाचता यायला लागली होती. तिथी त्याच दिवसाची. आणि वाक्य कुठून मिळालं त्या जागी लिहिलं होतं, ‘घरचं’.

आता माझे केस पिकायला लागलेत. त्याच शाळेचा मी हेडमास्तर आहे. सदरसाहेबांच्याच खोलीत बसतो. खिडकीतला लिंब अजून आहे. मुलं अजून वाट पाहण्यात सीइंग घालतात, मी अजून ते खोडतो. ती चिठ्ठी माझ्या ट्रंकेत आहे.

जीजी आहेत. ऐंशीच्या पुढं गेल्या असतील. मस्तगडात त्याच घरात राहतात, डोळ्यांनी कमी दिसतं. आणि माझं पुस्तक शोधतात. मी ‘एक पुस्तक होतं’ म्हणालो त्या दिवसापासून शोधतायत, कारण ठेव परत गेली पाहिजे. कोनाडे पाहिले, माळा पाहिला, भावांच्या दुकानात माणूस पाठवून पाहिला. दर दिवाळीला फराळ पाठवतात, आणि आणणाऱ्याबरोबर निरोप असतो, तोच: “भैयांना सांग, पुस्तक अजून घावलं न्हाई. मी पाहून राह्यले.” परवाही आला.

जीजींचं मी एवढं देणं लागतो: त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून सांगायचं, की पुस्तक नव्हतं. पत्रक होतं. ते माझं होतं, मी ठेवलं होतं, तुमच्या भावाला ते दिसलं होतं. तुम्ही शोधणं थांबवा.

हे मी अजून सांगितलेलं नाही.